फर्स्ट परेड

बेंगळुरूचं पोस्टिंग संपत आलंय. मूव्ह ऑर्डर हातात पडली तेव्हा सामानाच्या यादीत सगळ्यात वर एकच नाव होतं, आमची ऑल्टो. पुढचं ठिकाण डोंगरातलं, फॅमिली नेता येत नाही. बायको गडहिंग्लजला सासूबाईंकडे राहणार, आणि तिला गाडी येत नाही. म्हणजे गाडी विकायची.

आम्ही राहतो बोम्मसंद्राला. बायकोची नोकरी इथल्या औद्योगिक वसाहतीत, म्हणून मी बाहेर राहायची परवानगी घेतली होती. गाडी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावाहून आणली. सिल्क बोर्डच्या जाममध्ये तिनं माझ्याबरोबर खूप तास काढले. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा मेट्रो सुरू झाली, तशी ती बिल्डिंगखाली जास्त उभी राहू लागली. आणि उभी गाडी बिघडते, हे एमटीतल्या माणसाला सांगायला नको.

सकाळी सुरू केली की मिसिंग मारायची. सिग्नलला थांबलं की स्टिअरिंग थरथरायचं, चेक इंजिनचा दिवा लागलेला. तीन सिलिंडरची गाडी थोडी हलतेच, पण हे हलणं वेगळं होतं.

एका रविवारी बसलो. एअर फिल्टर झटकला, बॅटरीचे टर्मिनल साफ केले. फरक नाही. मग जुनी पद्धत : इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरला बंद करायचं. पूर्वी उस्ताद लोक चालू इंजिनवर प्लगची वायर ओढायचे. तसं करू नका मित्रांनो, जबर झटका बसतो. मी इंजेक्टरचा कनेक्टर काढतो. पहिल्याचा काढला, इंजिन बसलं. दुसऱ्याचा काढला, बसलं. तिसऱ्याचा काढला, काहीच नाही. म्हणजे तिसरा कामच करत नव्हता.

प्लग काढले. दोन बिस्किटाच्या रंगाचे, तिसरा काळा आणि ऑईलनं ओला. नवीन प्लग आणण्याआधी पहिल्याचा प्लग तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा पहिल्याला लावून बघितला. आता पहिला मेला, तिसरा चालू झाला. दोष प्लगबरोबर फिरला, म्हणजे वायर आणि इंजेक्टर ठीक. तिन्ही प्लग नवीन घातले.

तरी आयडलिंग वरखाली होत होतं. कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची बाटली घेतली आणि रबरी पाइपांवर एकेक ठिकाणी फवारलं. एका व्हॅक्यूम पाइपच्या तोंडाशी पाणी पडलं आणि इंजिनचा आवाज बदलला. बारीक चीर होती, तिथून फुकटची हवा आत जात होती. पाइप बदलला. खर्च चहा-नाश्त्याएवढा. गाडी घड्याळासारखी चालू लागली.

इथं थांबलो असतो तर हा लेख लिहिला नसता. प्लग ऑईलनं ओला का झाला, हा प्रश्न राहिलाच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड इंजिन सुरू केलं आणि मागं जाऊन उभा राहिलो. सायलेन्सरमधून निळसर धूर आला, अर्ध्या मिनिटात गेला. व्हॉल्व्हचे सील गेलेत. रात्रभर ऑईल आत झिरपतं, सकाळी जळतं. चारेक महिन्यांत प्लग पुन्हा काळा होणार.

गिऱ्हाईक ठरलं होतं. निपाणीचा पोरगा, इथंच कारखान्यात कामाला. बायकोचा सातवा महिना, बाळंतपणाला तिला गाडीनं घरी न्यायचं म्हणत होता. साडेपाचशे किलोमीटरच्या वर रस्ता. ठरलेली किंमत एक लाख दहा हजार.

शेजारच्या एकानं युक्ती सांगितली, "तो यायच्या आधी वीस मिनिटं इंजिन गरम करून ठेवा. धूर दिसणारच नाही." बायको म्हणाली, "अहो, सेकंडहँड घेणाऱ्याला कळत नाही का? आपल्याला तिकडं घरभाडं, शाळेची फी आहे." तिचंही खोटं नव्हतं. आणि मी काही हरिश्चंद्र नाही. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री टायर काळे करणाऱ्यांत मीही होतो. पण त्या गाडीत पुढं कोण बसणार हे तेव्हाही आम्हाला माहीत असायचं, म्हणून ब्रेक आणि ऑईल कधी लपवलं नाही. फर्स्ट परेड थंड गाडीवरच होते.

पोराला सकाळी साडेसहाला बोलावलं. बोनेटवर त्याचाच हात ठेवायला लावला, थंड आहे ना बघ म्हटलं. मग चावी फिरवली. धूर बघून तो गप्प झाला. काढलेला काळा प्लग दाखवला, काम काय निघेल ते सांगितलं. "विचार करून सांगतो दादा," म्हणून गेला. तीन दिवस फोन नाही. घरात त्या तीन दिवसांत फारसं कोणी बोललं नाही.

चौथ्या दिवशी आला. गावच्या मिस्त्रीला विचारून आला होता. "अठरा हजार कमी करा, सील इथंच बदलून घेतो, मगच तिला बसवतो." ब्याण्णव हजारांत दिली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, एनओसीसाठी फॉर्म २८ कोल्हापूर आरटीओला. कागदांबरोबर माझी वहीही दिली. कार डायरीसारखी मी ती ठेवतो, त्यात प्रत्येक ऑईल बदल लिहिलाय.

बायको अजून अठरा हजारांचा हिशोब काढते. काढू दे. परवा ड्युटीला मेट्रोनं गेलो.

जय हिंद.