चढावरचा रिव्हर्स

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीला गेलो होतो. आंबा संपत आलेला, पण मामाच्या बागेत वरच्या अंगाला थोडा राहिला होता आणि पाऊस कधीही येईल अशी हवा. बाग डोंगरउतारावर. वर जायला रस्ता असा नाहीच, जीपने पाडलेल्या दोन चाकोऱ्या. जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी, पण फोर व्हील ड्राइव्ह. म्हटलं, क्रेट मी आणतो. आयटीतल्या माणसाने गावी गेल्यावर असं काहीतरी बोलायचंच असतं.

"लोमध्ये टाक," मामा म्हणाला. मी नाही टाकलं. फोर हाय, दुसरा गिअर आणि थोडा वेग, असा माझा हिशोब. चाकोरीतला जांभा झिजून त्याचे खडे सुटतात, गोट्यांसारखे. त्यावर आदल्या रात्रीच्या सरीने लाल मातीचा लेप दिलेला. निम्म्या चढावर चाकं जागीच फिरली आणि मग इंजिन बंद पडलं.

मी सवयीने क्लच दाबला, म्हणजे इंजिनाचा चाकांशी संबंधच तोडला. मग ब्रेक कचकचून दाबला. चाकं थांबली, गाडी नाही थांबली! अडकलेल्या चाकांनिशी ती मागे घसरायला लागली. त्या क्षणी एकच सुचलं, स्टीअरिंग फिरवून गाडी आडवी करावी, म्हणजे थांबेल.

"मेल्या, वळवू नको! सरळ ठेव!"

आवाज मागून आला. चाकाखाली सरकवायला हातात धोंडा घेऊन मामा गाडीच्या मागून चालत होता, हे मी विसरूनच गेलो होतो. तो बाजूच्या गवतात उडी मारून पडला. पाच-सहा फूट घसरल्यावर मागचं चाक कातळाच्या धारेला लागलं आणि गाडी थांबली. हुश्श.

रात्री झोप येईना म्हणून गणित मांडलं. दोन चाकांत १३० सेंमी अंतर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंमी धरला, तर आडवी गाडी ४१ अंशांवर उलटते. भरपूर वाटतं ना? क्रेट रचून गुरुत्वमध्य ९० सेंमीवर नेला की ३६ उरतात. वरच्या चाकाखाली वीतभर धोंडा आला की त्यातले ९ गेले. घसरतानाचा झटका तर मी धरलेलाच नाही.

त्या दिवशी मामाने आधी गाडी खाली कशी आणायची ते शिकवलं. पायब्रेक घट्ट, हँडब्रेक ओढलेला. लो रेंज, रिव्हर्स गिअर, आणि क्लच पूर्ण सोडायचा. आता इंजिन बंद असलं तरी गिअरने गाडी धरलेली असते. मग हँडब्रेक उतरवायचा, पायब्रेक हळूहळू सोडायचा आणि क्लचला न शिवता स्टार्टर मारायचा. गाडी मुंगीच्या चालीने, आली त्याच चाकोरीतून मागे उतरते. (हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. तिथे ब्रेक धरून इंजिन चालू करायचं आणि क्लच पूर्ण सुटल्यावरच ब्रेक हलका करायचा.) लो रेंजमध्ये चाकांवर जोर साधारण अडीचपट येतो, पण मला आवडलं ते तिचं उतारावरचं काम. इंजिनच गाडीला रोखून धरतं, चाकं फिरत राहतात, म्हणून स्टीअरिंग ऐकतं. अडकलेलं चाक कुठेही वळत नाही.

तीन वेळा मुद्दाम अर्ध्यावर इंजिन बंद पाडून मागे उतरलो, मग कुठे मामाने वर जाऊ दिलं. लो, पहिला गिअर, वेग जवळजवळ नाहीच. खडे चाकाखालून उडालेसुद्धा नाहीत. वर झाडांखाली गाडी वळवली, क्रेट एकावर एक न रचता पसरून ठेवले, आणि त्याच गिअरमध्ये नाक सरळ खाली ठेवून उतरलो.

हल्ली सड्यावर नव्या गाड्या घेऊन हौशी लोक येतात. चढ मिळाला नाही तर सपाट कातळावर गोल गोल फिरवतात. त्याच कातळावर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेली, आणि पावसाळ्यात बोटभर उंचीची फुलं. मामा त्यांना काही बोलत नाही. मी बोलतो, पण कोण ऐकतंय?

असो. मामाच्या कोपराला खरचटलं होतं. मामीला त्याने सांगितलं, कलम उतरवताना पाय घसरला. धोंडा घेऊन गाडीच्या मागे चालणं मात्र त्याने त्या दिवसापासून बंद केलंय. आता बाजूने चालतो, वरच्या अंगाने.