भरतीची वेळ साधून

डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या किनाऱ्यावर झाईपासून वरोरपर्यंत मासेमारीची छोटी छोटी बंदरे आहेत. समुद्रातून जाताना आधी सुरूची रांग दिसते, मग बोंबील वाळत घातलेल्या वलांड्या आणि शेवटी खाडीचे अरुंद तोंड. ओहोटीला पाणी इतके मागे हटते की नौका चिखलात कलंडून राहतात. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील लहान बंदरांतही हेच घडते. सेंट मालो येथे तर मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी बारा मीटरपर्यंत बदलते. अशा ठिकाणी कधी निघायचे हे माणूस नव्हे, तर भरती ठरवते.

माझ्या रुग्णांत मांगेला समाजातील अनेक निवृत्त तांडेल आहेत. त्यांपैकी एक चौऱ्याहत्तर वर्षांचे काका. मधुमेह, रक्तदाब, झिजलेले गुडघे. धक्क्यावर एकदा चक्कर आल्यापासून मुलांनी त्यांचे होडीवर पाऊल ठेवणे बंद केले होते. हळूहळू जेवण कमी झाले, दिवसाची झोप वाढली. त्यांची एकच इच्छा होती : झाईला दिलेल्या थोरल्या बहिणीकडे एकदा समुद्रातून जायचे. “डॉक्टर, तुम्हीच नाही म्हणून सांगा,” मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला.

मी आधी चक्कर कशाची ते पाहिले. बसून रक्तदाब ठीक होता, पण उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० पेक्षा अधिक घसरत होता. रक्तदाबाच्या गोळीसोबत सकाळी लघवी वाढवणारी गोळीही चालू होती. मात्रा बदलली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासले. घसरण थांबली होती. मग होकार दिला, पण अटींवर. (असा बदल कोणीही घरच्या घरी करू नये.)

दिवस काकांनीच निवडला. मार्गशीर्षातील अष्टमी, म्हणजे भांगाचे पाणी, ओढ कमी. पहाटेची भरती आणि जमिनीवरून येणारा मतलई वारा. भरतीला होडीचा काठ धक्क्याच्या जवळपास येतो. त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांना खाली उतरावे लागले नाही. वृद्धांना होडीत सर्वाधिक धोका समुद्राचा नसतो, चढण्या-उतरण्याचा असतो. जीवरक्षक जाकीट सर्वांनी घातले. काका मध्यभागी बसले, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी असतात. सोबत पाणी, बिस्किटे आणि साखर होती. मधुमेह्याने अशा प्रवासात उपाशी राहू नये.

वाटेत सुनेला मळमळू लागले. ती मोबाइल पाहत होती. डोळ्यांना स्थिर चित्र आणि आंतरकर्णाला हालचाल, या विसंगतीतून बोट लागते. “किनाऱ्याकडे बघ गो,” काका म्हणाले. क्षितिजाकडे पाहण्याचा हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्याही योग्यच. प्रोमेथाझिनसारख्या गोळ्या वृद्धांना गुंगी व गोंधळ आणू शकतात. काचबिंदू किंवा वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

बोर्डी मागे टाकून आम्ही झाईच्या खाडीत शिरलो तेव्हा आत पुरेसे पाणी होते. बहीण काठावर उभी होती. ती ऐंशीच्या घरात. दोघांनी फार बोलणे केले नाही; तिने त्यांचा हात धरला आणि पायवाटेवरून घरी नेले. परतीची भरती अंधारात असल्याने आम्ही संध्याकाळी रस्त्याने आलो.

काकांचा मधुमेह होता तसाच आहे, गुडघेही. मात्र आता ते सकाळी काठी घेऊन धक्क्यावर जातात आणि नातवाला पाण्याची वेळ सांगतात. घरातील वृद्धाने एखादी गोष्ट मागितली, तर नकार देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : नेमके काय आड येते, आणि ते दूर करता येते का? सारेच दूर होत नाही. जे होते, त्यासाठी योग्य वेळ निवडावी लागते, सोबत माणूस लागतो, आणि थोडी वाट पाहावी लागते.