‘जातिवंत’ या शब्दाविषयी

माणसाला विचारली जाते तीच ‘जात’ मराठी माणूस कुत्र्यालाही विचारतो. भातासाठी ‘वाण’ असा निराळा शब्द आपल्यापाशी आहे. कुत्र्याची वेळ आली की तोंडी येते ती जातच. ज्याची वंशावळ ठाऊक तो ‘जातिवंत’, ज्याची ठाऊक नाही तो ‘गावठी’. शब्दाचा मूळ धातू ‘जन्’, म्हणजे जन्मणे. आणि ‘जात्याच हुशार’, ‘जात्याच तापट’ असे म्हणताना स्वभाव जन्मातूनच येतो हा निवाडा आपण नकळत देऊन मोकळे होतो. आम्ही दोघेही वीसेक वर्षे उपनगरांतील महाविद्यालयांत मराठी शिकवीत आहोत. शब्दांकडे संशयाने पाहण्याची सवय आहेच. तरी या शब्दाकडे आमचे लक्ष वेधले ते एका कुत्रीमुळे.

आम्ही बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानापासून जवळच राहतो. त्या उद्यानातील बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी जिन्याखाली आडोशाला आलेली एक तांबूस कुत्री आम्ही घरात घेतली. लस टोचून घेतली, नसबंदी करून घेतली, नाव ठेवले ओवी. सोसायटीने एक अर्ज भरायला दिला. त्यात ‘जात’ असा रकाना होता. आम्ही ‘देशी’ असे लिहिले. समितीतील एका काकांनी अगदी आपुलकीने समजावले, “सर, मॅडम, लॅब्राडोर असती तर प्रश्नच नव्हता. जातिवंत कुत्र्याचा भरवसा देता येतो. या गावठीच्या रक्तात काय असेल, कोणी सांगावे?” त्याच आठवड्यात त्याच समितीने भाड्याने घर घेऊ पाहणाऱ्या एका तरुणाचे आडनाव दोनदा विचारून घेतले होते. दोन्ही प्रश्नांमागचा तर्क एकच आहे हे ध्यानात आले, तेव्हा रक्तात काय असते हे शास्त्राकडून समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटले.

२००५ साली ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा तपशीलवार जनुकसंच ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्या काही वर्षांत एकेक उलगडा होत गेला. लहान चणीच्या कुत्र्यांमागे ‘आयजीएफ-१’ या एका जनुकातील फरकाचा मोठा हात आहे, हे २००७ साली कळले. डॅक्सहुंडाचे पाय आखूड होतात ते ‘एफजीएफ-४’ या जनुकाची एक जादा प्रत जनुकसंचात शिरल्यामुळे, हे २००९ साली कळले. त्याच वर्षी असेही दिसले, की लांब, राठ, कुरळे अशा केसांच्या बहुतेक तऱ्हा अवघ्या तीन जनुकांच्या फरकांतून निघतात. म्हणजे जात शरीर घडवते, हे खरेच. आणि ते मोजक्या जनुकांच्या बळावर घडवते.

पण या जाती तरी किती जुन्या? आज आपण ओळखतो त्यांपैकी बहुतेक जाती गेल्या दोनेकशे वर्षांत घडवल्या गेल्या. लंडनचा केनेल क्लब १८७३ सालचा. नोंदवहीत आईबापांची नावे असतील तरच पिल्लू ‘शुद्ध’, हा नियम तेव्हापासून रूढ होत गेला. शुद्धतेची किंमत कुत्र्यांनी मोजली. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून पग घराघरांत लाडका झाला. त्याच्या चपट्या नाकामुळे त्याला श्वास घेताना होणारा त्रास मात्र जाहिरातीत दिसला नाही.

स्वभावाचे काय? २०२२ साली ‘सायन्स’मध्ये एक मोठा अभ्यास आला. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या होत्या आणि २,१५५ कुत्र्यांचे जनुकसंच तपासले होते. निष्कर्ष असा, की दोन कुत्र्यांच्या वागण्यातील फरकापैकी सरासरी ९ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो. स्वभावाला आनुवंशिक बाजू नाही, असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. ती आहेच, पण जातीच्या कुंपणांप्रमाणे ती वाटली गेलेली नाही. माणसाची आज्ञा मानण्याच्या वृत्तीबाबत जात थोडे अधिक सांगते. कुत्रे किती चटकन चवताळेल याबाबत जवळजवळ काहीच सांगत नाही. काकांना हवा असलेला भरवसा नेमका याच बाबतीतला होता.

आणि ओवी? २०१५ साली ३८ देशांतील ५४९ गावकुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातील अशा कुत्र्यांत युरोपीय जातींची सरमिसळ अत्यल्प आढळली. ज्याला आपण भेसळ समजतो तो प्राचीन, स्वतंत्र वंशप्रवाह ठरला. हे वाचून आम्हांस आनंद झाला, आणि लगेच सावधही व्हावे लागले. ‘मग आमचीच खरी जातिवंत’ असे म्हणावेसे वाटणे हाच तर जुना सापळा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या मुधोळ हाउंडवर २००५ साली टपाल तिकीट निघाले. त्याच्या वेगाचे कौतुक जरूर करावे. पण म्हणून जिन्याखालच्या कुत्रीचा मान कमी का व्हावा?

चाव्याची भीती खोटी नाही. २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री मोजली गेली, आणि रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. पण रेबीज जात पाहत नाही. त्याला अडवते ती लस. अर्जात रकाना हवाच असेल तर तो लसीकरणाच्या तारखेचा हवा.

कुत्र्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावणे बरे नव्हे. मात्र एवढे म्हणता येते: हेतुपूर्वक जोड्या लावून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ज्यांच्या जाती घडवल्या, त्या प्राण्याच्याही वागण्याविषयी जात इतके थोडे सांगते. माणसांची तर अशी पैदास कोणी केलेली नाही. त्यांच्या जाती समाजाने नेमल्या आहेत. तरी आडनाव ऐकून आपण स्वभाव ओळखल्यासारखे करतो. शब्द कोशातून काढून टाकता येत नाही, आणि टाकूही नये. तो आपल्या समजुतींचा पुरावा असतो. मात्र ‘जात्याच’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही आता वहीच्या समासात एक प्रश्न लिहून देतो: हे तुला कशावरून कळले?