साम्य-भेद स्पष्ट करा

पदवीच्या वर्गांना मराठी शिकवणाऱ्यांच्या हाताला एक सवय जडलेली असते. प्रश्नपत्रिका काढायला बसले, की कुठल्याही दोन साहित्यकृती शेजारी ठेवायच्या आणि खाली ‘साम्य-भेद स्पष्ट करा’ असे लिहून मोकळे व्हायचे. वीस-बावीस वर्षे मी हेच करत आले आहे. गेल्या ऑक्टोबरात हा प्रश्न मला स्वतःलाच सोडवावा लागला, आणि तोही दोन मोटारसायकलींच्या संदर्भात. त्यातून जे हाती लागले ते पुन्हा वाचनापाशीच येऊन थांबले, म्हणून ते येथे मांडते आहे.

‘अॅडव्हेंचर टूरिंग’ हा मोटारसायकलींतला एक प्रकार. अनेक वाङ्मयप्रकारांसारखाच तोही संकरातून जन्मलेला आहे. १९८० साली बीएमडब्ल्यूने ‘आर ८० जी/एस’ ही गाडी आणली. त्यातले ‘जी’ हे रानवाटेसाठीच्या आणि ‘एस’ हे रस्त्यासाठीच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर. लांब पल्ल्याच्या आरामशीर गाड्या वेगळ्या आणि चिखलदगडांतून जाणाऱ्या हलक्या गाड्या वेगळ्या, अशी ढोबळ विभागणी तोवर रूढ होती. सुमारे आठशे सीसीच्या या गाडीने दोघींचा संसार एका छताखाली आणला. पुढच्याच वर्षी, १९८१ साली, तिच्यावरून बेतलेल्या गाडीवर यूबेर ओरिओल याने पॅरिस-डकार शर्यत जिंकली आणि प्रकाराला प्रतिष्ठा लाभली. या दोन अक्षरांमधली तिरपी रेघ मला फार अर्थपूर्ण वाटते. प्रत्येक अॅडव्हेंचर गाडी त्या रेघेच्या कुठल्या बाजूला किती झुकते, यावर तिचा स्वभाव ठरतो.

आता माझ्या प्रश्नातल्या दोन गाड्या. पहिली रॉयल एन्फिल्डची ‘हिमालयन’, ४११ सीसीची. २०१६ साली आलेली, तामिळनाडूत तयार होणारी. मी ती २०२१ साली घेतली. दुसरी केटीएमची ‘३९० अॅडव्हेंचर’, ३७३ सीसीची. कंपनी ऑस्ट्रियाची, पण गाडी आपल्या चाकणच्या कारखान्यातली. भारतात ती २०२० च्या जानेवारीत आली. ही माझ्या एका माजी विद्यार्थिनीची. या दोन्ही आवृत्त्या आता नव्या मिळत नाहीत. २०२३ च्या अखेरीस हिमालयन ४५२ सीसीची झाली आणि २०२५ मध्ये ३९० ला ३९९ सीसीचे इंजिन आले. जुन्या आवृत्त्यांचीच तुलना करत बसणे आम्हा दोघींच्या शिक्षणाला साजेसेच म्हणायचे.

कागदावर पाहिले तर सामना एकतर्फी वाटतो. हिमालयनची ताकद सुमारे २४ अश्वशक्ती, ३९० ची सुमारे ४३. हिमालयनचे वजन पेट्रोलसह १९९ किलो, ३९० चे १७७. हिमालयनला पाच गिअर, ३९० ला सहा. शिवाय ३९० मध्ये वळणावर गाडी कललेली असतानाही ब्रेक सांभाळणारी यंत्रणा आहे. हिमालयनवर तेवढी चतुराई नाही. पण खरा स्वभावभेद आणखी आत, इंजिनात आहे. हिमालयनच्या सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८६ मिलिमीटर, म्हणजे धाव व्यासापेक्षा मोठी. ३९० चा व्यास ८९ आणि धाव अवघी ६०. लांब धावेचे इंजिन सावकाश फिरते आणि कमी आरपीएमलाच आपला जोर देऊन टाकते. आखूड धावेचे इंजिन भराभर फिरते, पण त्याचा खरा रंग वरच्या आरपीएमला चढतो. हिमालयनचा टॉर्क चार हजारांच्या आसपास शिगेला पोहोचतो, ३९० चा सात हजारांना.

कराडहून पाटण, कोयनानगरमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, असा शंभरएक किलोमीटरचा बेत आम्ही आखला होता. जाताना आपापल्या गाड्या, येताना अदलाबदल. हिमालयनवर कुंभार्ली घाट उतरणे मला पाठ आहे. तिसरा गिअर, हात सैल, दरीकडे पाहायलाही फुरसत. परतीच्या वाटेवर पोफळी मागे पडली, चढ सुरू झाला आणि ३९० ने आपला स्वभाव दाखवला. ती सतत काहीतरी मागत होती. गिअर खाली आण, आरपीएम चढव, वळण आधीच हेर. तिचे म्हणणे ऐकले, की ती अशी काही झेपावे की मला माझ्या सत्तेचाळीस वर्षांचा विसर पडावा. लक्ष ढळले, की लगेच कुरकुर. एका वाचनात सगळे हाती न देणारी कविता असते, तशी ही गाडी आहे, असे मी मनाशी म्हटलेही.

त्यानंतर दोन वळणांवर मी पडले.

पडले म्हणजे अपघात म्हणण्याजोगे काही नव्हे. दरीकडच्या कडेला थांबून धबधबा पाहावा म्हणून गाडी डावीकडे घेतली, ब्रेक लावला आणि डावा पाय खाली टेकवला. तिथे जमीन नव्हती. म्हणजे होती, पण दोन बोटे खाली. कडेचा उतार माझ्या लक्षात आला नव्हता. ३९० च्या सीटची उंची ८५५ मिलिमीटर; माझ्या हिमालयनची ८००. फरक दोन इंचांहून थोडा अधिक. माझी उंची पाच फूट एक इंच. गाडी सावकाश कलली आणि मी तिला धरून ठेवण्याच्या हट्टापायी तिच्याबरोबर आडवी झाले. दोष गाडीचा नव्हता. कुठे थांबायचे हा निर्णय माझा होता.

विद्यार्थिनी पुढे निघून गेली होती. मी हँडल धरून दोनदा जोर लावला, गाडी हलेना. एवढ्यात गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या दोन बायका वरून उतरत आल्या. त्यांनी भारे कठड्याला टेकवले, काही न विचारता एकीने मागचा कॅरिअर धरला, दुसरीने सीट, आणि तिघींनी मिळून गाडी उभी केली. मग त्यांतली वयस्कर बाई गाडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहून म्हणाली, “बाई, एवढी उंच गाडी कशाला घेतली?” “माझी नाही,” मी म्हणाले, गरजेपेक्षा जरा जास्तच घाईने.

कोयनानगरला चहाच्या टपरीवर विद्यार्थिनीला हे सांगितले. ती हसली नाही. तिची उंची पाच फूट नऊ इंच. म्हणाली, “मॅडम, तुमच्या गाडीवर मला मांडी घालून बसल्यासारखं होत होतं. गुडघे कुठे ठेवायचे तेच कळेना.” थोडे थांबून ती म्हणाली, “आणि मी तुम्हाला एक सांगू? मी एकदा हेच लिहिलं होतं, तर तुम्ही ‘विषयांतर’ असा शेरा मारला होता.”

मला आठवेना. तिला मात्र सगळे लख्ख आठवत होते. अकरा-बारा वर्षांपूर्वीची अंतर्गत परीक्षा. प्रश्न प्रवासवर्णनांचा : १८५७ च्या धामधुमीतली वाट सांगणारे, १९०७ साली प्रसिद्ध झालेले विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ आणि पंडिता रमाबाईंचे १८८९ चे ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. साम्य-भेद स्पष्ट करा. भाषा, निवेदन, कालपट यांबद्दल तिने लिहिलेच होते. पण शेवटच्या पानावर तिने असेही लिहिले होते, की पहिले पुस्तक वाचताना ‘या वाटेवर मी असते तर रात्री कुठे मुक्काम केला असता’ हा प्रश्न सुटत नाही आणि दुसरे वाचताना तो पडतच नाही. म्हणून पहिले अधिक थरारक असूनही आपण दुसऱ्यात अधिक लांबवर गेलो. दहापैकी चार गुण. समासात लाल शाईने : विषयांतर.

चहा निवत गेला. मला बोलण्यासारखे काही सुचले नाही. “चूक झाली माझी,” एवढेच म्हटले. तीही “असू दे मॅडम” म्हणाली. पण बारा वर्षे लक्षात राहिलेल्या गोष्टीला ‘असू दे’ किती पुरते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते.

तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाही. दोन वस्तूंची तुलना आपण करतो तेव्हा तिथे तिसरेही कोणीतरी असते. ज्या अंगाला त्या वस्तू लागतात, ते अंग. मोटारसायकलींच्या परीक्षणांत अश्वशक्ती, वजन, टॉर्क यांचे तक्ते असतात आणि चालवणाऱ्याचे पाय जमिनीला पोहोचतात हे बहुधा गृहीत धरलेले असते. आपल्या समीक्षेतला ‘जाणकार वाचक’ही असाच नाही का? त्याची उंची कधी सांगितलेली नसते. पण ज्यांचे पाय पोहोचत नाहीत त्यांना ती नेमकी कळते. वर्गातल्या एका मुलीला ती कळली होती आणि तिने ती लिहूनही दाखवली होती.

याची दुसरी बाजूही मला दिसते. उद्या प्रत्येक उत्तरपत्रिकेत फक्त स्वतःचेच गुडघे मोजलेले सापडले, तर तुलना उरणार नाही. ८५५ मिलिमीटर हे सगळ्यांसाठी ८५५ मिलिमीटरच असतात. माझी उंची कमी म्हणून ३९० वाईट गाडी ठरत नाही. चढावर ती माझ्या गाडीहून सरस आहे, हे मला पडल्यानंतरही मान्य आहे. त्या मुलीनेही गोडसे भटजींचे पुस्तक उणे ठरवले नव्हते. तिने वस्तूचे माप दिले आणि मग ते घेणाऱ्याचेही दिले. मी पहिल्यालाच गुण दिले.

गाड्या आम्ही बदललेल्या नाहीत. मी हिमालयनवर, ती ३९० वर. कोणी विचारले की यांतली चांगली कुठली, तर मी आधी विचारणाऱ्याची उंची विचारते. लोकांना ती थट्टा वाटते. यंदाच्या सत्रपरीक्षेत तोच प्रवासवर्णनांचा प्रश्न मी पुन्हा काढला आहे. ‘साम्य-भेद स्पष्ट करा’ यापुढे एक वाक्य वाढवले : ‘आपण कोठून वाचत आहात, तेही नमूद करा.’ विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी या वाक्याला गुण किती, असे विचारले. अजून ठरवलेले नाही. चारांपेक्षा जास्त, एवढे नक्की.