मघेची सोबतीण

एप्रिलच्या उकाड्यात बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत घरात झोप लागत नाही. आम्ही दोघे भाऊ, आक्का आणि मुलेबाळे गच्चीवर अंथरुणे टाकतो. जंक्शनवर गाड्यांच्या शिट्ट्या चालूच असतात. परवा थोरल्याची मुलगी, जी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते, आम्हांला डोक्यावरची मघा दाखवू लागली.

आक्का म्हणाली, "हा तं आपला इळा होय! मुठीशी चमकते तो कोन?"

ती मघा. आमच्या घरात पत्रिका नाही, म्हणून मघेची शांतीही नाही. पण तिची खरी गोष्ट आम्हांलाही ठाऊक नव्हती. मघा 79 प्रकाशवर्षे दूर. सूर्याला स्वतःभोवती फिरायला सुमारे 25 दिवस लागतात. त्याच्या तिपटीहून जड असलेली ही निळसर तप्त मघा 16 तासांत फिरते. हा वेग आला कुठून?

2008 साली शास्त्रज्ञांनी तिच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. त्यातल्या रेषा 40 दिवसांच्या फेऱ्याने कधी निळ्याकडे, कधी तांबड्याकडे सरकत होत्या. म्हणजे कोणीतरी मघेला ओढत होते. 2020 साली त्या सोबत्याचा अंधुक प्रकाशही वेगळा काढता आला. त्याच्याजवळ आज सूर्याच्या जेमतेम तीन दशांश द्रव्य उरले आहे. कधीकाळी तोच थोरला होता. म्हातारपणी फुगला आणि आपले द्रव्य मघेला देऊन बसला. त्यानेच मघा जड झाली, गरगर फिरू लागली, असे शास्त्रज्ञ मानतात.

असा शोध आपल्याकडेही झाला. 28 सप्टेंबर 2015 रोजी सुटलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीच्या कामात पुण्याची आयुका संस्थाही होती. 2016 साली त्या दुर्बिणीने एका जुन्या तारकागुच्छातल्या निळ्या ताऱ्याजवळ दडलेला तप्त सोबती उघड केला. साध्या उजेडात जो झाकला जातो, तो अतिनील किरणांत सापडतो.

पोर सांगत होती आणि आम्ही दोघे गप्प झालो. आक्का चौथीतून निघाली ती कपाशी वेचायला. तिच्या मजुरीतून आमच्या वह्या, फी, अमरावतीच्या गाडीचा पास. एक मास्तर झाला, दुसरा रेल्वेत लागला. वस्तीने सत्कार केला तेव्हा आम्ही माय-बाबांचे, गुरुजींचे आभार मानले. आक्का मागे चहाचे कप धूत होती. तिचे नाव दोघांच्याही तोंडून निघाले नाही.

"मंग तो लहाना झालेला अजून हाये का तिथं?" आक्काने विचारले.

"आहे ना आत्या. 40 दिवसांत फेरी पुरी करतो."

"मंग बरं हाय," म्हणत ती कुशीवर वळली.

पुढच्या महिन्यात धाकट्याच्या निवृत्तीचा कार्यक्रम आहे. त्या दिवशी पहिले नाव आक्काचे घ्यायचे आणि तिला पुढच्या खुर्चीवर बसवायचे, असे आम्ही ठरवले आहे. फार उशीर झाला, हे आम्हांला कळते. वाचकहो, आपल्याही घरात असे कोणी असेल. त्याला शोधायला दुर्बीण लागत नाही.