आधी नमुना, मग सर्टिफिकेट

घरात कुणी कोर्सचे नाव काढले की पहिला प्रश्न ठरलेला: सर्टिफिकेट मिळते का? आम्ही शिक्षक. बी.एड.च्या कागदाशिवाय आम्हाला शाळेचे दार उघडले नसते, म्हणून कागदाला आम्ही कमी लेखत नाही. पण सगळ्या पेशांचे कुलूप एकाच किल्लीने उघडत नाही.

आमच्या भाचीला टेक्निकल रायटर व्हायचे आहे. यंत्र किंवा सॉफ्टवेअर कसे वापरावे, हे सोप्या भाषेत लिहून देणे हे त्याचे काम. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत अशा नोकऱ्या असतात. एका क्लासने ४५ हजार फी सांगितली आणि आपा बांगडी मोडायला निघाली. "सर्टिफिकेट असलं म्हणजे पोरगी कुठे अडणार नाही," तिचे म्हणणे.

आम्ही तिला थांबवले. शिक्षकाला असते तशी पदवीची कायदेशीर अट या पेशाला नाही. 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' ही अमेरिकेतली १९५३ सालची संस्था या लेखकांना प्रमाणपत्रे देत असे. जानेवारी २०२५ मध्ये आर्थिक अडचणीमुळे तीच बंद झाली. तिच्या सभासदांचे लिहिण्याचे कसब मात्र त्यांच्याजवळच राहिले.

अर्थात नुसता अनुभवही पुरेसा नाही. वर्षानुवर्षे चुकीचे लिहिणाराही अनुभवीच म्हणवतो. शिक्षणाने शिस्त येते. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी इंग्रजीचे एक मानक आहे, 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश'. त्यात सूचनेच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे. असे नियम कुणीतरी शिकवावेच लागतात. शिवाय ज्या मुलीची कुठे ओळख नाही, तिला मुलाखतीपर्यंत पोहोचायला कागदाची मदत होऊ शकते.

म्हणून क्रम ठरवला. गूगलचा टेक्निकल रायटिंगचा कोर्स फुकट आहे, आधी तो. मग लिखाणाचे तीन नमुने. पहिला घरच्या मिक्सरचा, मराठीत. तो अम्मीच्या हाती दिला. चौथ्या सूचनेवर अम्मी अडल्या, कारण एका वाक्यात दोन कामे कोंबली होती. भाचीने वाक्य तोडून दोन केली, तेव्हा भांडे नीट बसले. आता उरलेले दोन नमुने ती इंग्रजीत लिहिते आहे.

ते झाल्यावरही क्लासची गरज वाटली तर फी जरूर भरू. तोवर बांगडी आपाच्याच हातात राहील.