यकृताशी बोलणारा आवाज

पोटातलं बाळ दाखवणारं, पित्ताशयातले खडे शोधणारं अल्ट्रासाउंड यकृतापाशच्या नसांना जागं करतं आणि त्यानं रक्तातली साखर ताळ्यावर येते! ठोसपणे दिसलंय ते अजून प्राण्यांमध्येच, पण येते. हे वाचल्यापासून मी भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे.

निमित्त काकूंचा खांदा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी घरांत शुगर कुणाला नाही असं घर शोधावं लागेल; काकूंनाही ती बरीच वर्षं आहे. त्यात आता खांदा आखडला. डायबिटीस असलेल्यांचा खांदा इतरांपेक्षा जास्त आखडतो, हेही तेव्हाच कळलं. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं गार जेल लावलं आणि मशीनचं गोल डोकं खांद्यावर फिरवायला सुरुवात केली. “काकूजी, गरम लगे तो बताना.” समोर स्क्रीन नाही, चित्र नाही. ही सोनोग्राफीच का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “आवाज वही है, काम दूसरा है.”

काम दुसरं! त्या रात्री मी वाचत सुटले ते थांबेचना.

आपल्या कानांची मर्यादा सेकंदाला 20,000 कंपनांची. खांद्यावरचं मशीन 10 लाख किंवा 30 लाख कंपनं करतं. 10 लाखांची खोलवर जातात, 30 लाखांची वरच्या थरातच जिरतात. पण मी खरी उडाले ती 2022 साली ‘नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंग’मध्ये आलेल्या कामानं. अमेरिकेत जीई रिसर्चच्या शास्त्रज्ञांनी येल आणि फाइनस्टाइन इन्स्टिट्यूटमधल्या सहकाऱ्यांसोबत यकृताच्या दाराशी असलेल्या नसांच्या जाळ्यावर अल्ट्रासाउंडचा झोत धरला. ना चिरा, ना सुई. डायबिटीस असलेल्या उंदरांची साखर रोजच्या तीन मिनिटांत आटोक्यात राहिली. डुकरांमध्येही शरीर साखर जास्त चांगली वापरू लागलं. आणि यकृत ते मेंदू हा नसांचा रस्ता कापला किंवा औषधानं बंद केला की परिणाम गायब! म्हणजे किमया उष्णतेची नव्हे, निरोपाची. साखरेच्या कारभारात मेंदूचा हात आहे हे क्लोद बर्नारनं 1849 मध्येच दाखवलं होतं: सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचली आणि लघवीत साखर उतरली. यकृत आणि मेंदूमधल्या त्या रस्त्यावर आता बाहेरून, कातडीला धक्का न लावता जाता येतंय!

त्याआधी, 2019 मध्ये, यातल्याच काही मंडळींनी झोत पांथरीवर धरला होता, तेव्हा दाह भडकवणारं टीएनएफ हे रसायन उतरलं. वय वाढतं तसा अंगात मंद दाह धुमसत राहतो, तो स्नायूंनाही सोडत नाही, आणि दाहानं ग्रासलेला स्नायू इन्सुलिनचं ऐकत नाही. जेवणानंतरच्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक तर स्नायूच!

आपल्या लोकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपण बारीक दिसलो तरी अंगात चरबी लपलेली असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! काकूही अशाच काटकुळ्या, “मला कुठली शुगर, मी कुठे जाडी आहे?” असं त्या वर्षानुवर्षं म्हणत आल्या.

हे सगळं सांगितल्यावर काकूंनी लगेच विचारलं, “मग त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीला सांग की, पोटावरही फिरव.” नाही! खांद्याचं मशीन यकृतापाशच्या त्या नसांवर नेमका झोत धरू शकत नाही. माणसांवरचे प्रयोग अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहेत. शुगरसाठी असा मान्यताप्राप्त उपचार आज ग्वाल्हेरातच काय, कुठेच मिळत नाही. कुणी पैसे घेऊन ‘शुगरचं अल्ट्रासाउंड’ करून देतो म्हणाला, तर तिथून उठून या.

तरीही माझा आनंद तसूभर कमी होत नाही. काकू ज्या स्नायूंची काळजी आज घेतील, तेच स्नायू उद्या हा उपचार आला तरी साखर उचलणार आहेत. म्हणून तुमच्याही घरातल्या काकू-काकांना सांगा: गोळ्या, इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि चालण्याच्या जोडीला, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, खुर्चीवरून उठबस, हलकी वजनं असे स्नायूंना ताण देणारे व्यायाम आजच सुरू करा.